'यहाँ तालीम कहाँ मिलेगी?' : कोल्हापुरात बघितलेला पोरांचा उर्दू कार्यक्रम

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री १०.४५

शनिवारी संध्याकाळी एका कॉलेजच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांनी बसवलेला उर्दूचा कार्यक्रम बघितला. खरं सांगायचं तर बघायला लागला, कारण भाची त्यात होती. तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "अगं, तू बीकॉमला ना? हे उर्दू कुठनं काढलंस?" तर म्हणे, "मावशी, तू ये फक्त." वर बहिणीनं बजावलं, उगीच पेपर तपासायला आल्यासारखं तोंड करून बसू नकोस.

डोक्यात एक चित्र घेऊनच गेले होते. शेरवान्या, बॅटरीवरच्या मेणबत्त्या, गुलाबाच्या पाकळ्या आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'इर्शाद, इर्शाद' करणार. हे सगळं होतंच. पाचचा कार्यक्रम पावणेसहाला सुरू झाला, माइक पहिला अर्धा तास रेड्यासारखा हंबरत होता. एक पाहुणे उर्दू शायरीच्या इतिहासावर बोलले. दिल्लीत चढले, लखनौला उतरले, आणि एकदाही विंध्य ओलांडून खाली आले नाहीत. उर्दूचा जुना शायर वली मुळात औरंगाबादचा. १७०० च्या सुमारास तो दिल्लीला गेला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या कवींना त्याच्या दिवाणामुळे (म्हणजे काव्यसंग्रहामुळे) कळलं की या बोलीतही गझल उभी राहते. त्याच्याही आधी गोवळकोंड्याचा मुहम्मद कुली कुत्बशहा आणि विजापूरचा नुसरती झाले. विजापूर आपल्यापासून किती लांब? पन्हाळा विजापूरकरांकडे होता की एकेकाळी. हे कोल्हापुरात सांगायचं नाही तर कुठं?

पण पोरांनी मला गप्प केलं.

आधी मुशायरा. बहुतेक कविता पोरांच्याच होत्या आणि बहुतेक कच्च्या होत्या, तो त्यांचा हक्कच आहे. चंद्र, पाऊस, 'तुझ्या गल्लीतून जाताना' वगैरे. मग इंजिनिअरिंगचा एक मुलगा उठला आणि त्यानं रंकाळ्यावरची नज़्म म्हटली. तिच्यात जलपर्णी होती. उर्दू कवितेत जलपर्णी मी पहिल्यांदाच ऐकली. मागच्या रांगेतून कुणीतरी 'मुकर्रर' (पुन्हा एकदा) म्हणायच्या ऐवजी 'नाद खुळा!' म्हणून ओरडलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं खाली वाकून आदाब केला. छान सांभाळलं पोरीनं.

कव्वालीबद्दल न बोललेलं बरं. टाळ्या भरपूर, सूर कमी. पेटीवाला मात्र तयार होता.

नंतर बैतबाज़ी. हा प्रकार माहीत नसेल तर आपल्या भेंड्या समजा, फक्त शेरांच्या. एका गटानं शेर म्हणायचा, तो ज्या अक्षरावर संपेल त्यावरून दुसऱ्या गटानं सुरुवात करायची. शेर वजनात पाहिजे, पाठ पाहिजे, कागद बघायचा नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर एका चष्मेवाल्या पोरानं मुद्दाम 'ड़'वर संपणारा शेर टाकला. उर्दूत 'ड़'नं सुरू होणारा शब्द नाही. समोरचा गट बसला एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग नियमावरून वाद, परीक्षक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ड़ आला तर र घ्यायचा, हा जुना रिवाज आहे." माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, नऊवारीतल्या. त्या नातवाला म्हणाल्या, "आपण न्हाई का, ळ आला की ल घेतो? तसंच हाय ते." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाहुण्यांची पंचवीस मिनिटं एका पारड्यात आणि आजींचं हे वाक्य दुसऱ्या पारड्यात.

शेवटचा भाग दास्तानगोई. दोघी मुली (एक आमची), पांढरे कुर्ते, पांढऱ्या टोप्या, गादीवर बसून गोष्ट सांगणार. ना नेपथ्य ना संगीत. गोष्ट त्यांनीच रचलेली. शाहू महाराजांचा काळ. पंजाबातला एक तरुण कोल्हापूर स्टेशनवर उतरतो. इथले महाराज सगळ्या जातिधर्मांच्या पोरांना बोर्डिंग काढून देतात असं ऐकून बापानं पाठवलंय, 'बेटा, तालीम हासिल कर.' बाहेर येऊन तो टांगेवाल्याला विचारतो, "भाईसाहब, यहाँ तालीम कहाँ मिलेगी?"

टांगेवाला म्हणतो, "गावात तालमीला काय तोटा हाय व्हय? कुठल्या पेठेतली पायजे?"

हॉल तिथंच फुटला. पुढची पंधरा मिनिटं एकही माणूस सरळ बसला नव्हता. तो पोरगा उस्ताद विचारतो, त्याच्यासमोर वस्ताद उभे. वस्ताद त्याचे खांदे दाबून म्हणतात, "तब्येत बरी हाय." तो म्हणतो, "जी, अल्लाह का करम है, तबीयत ठीक है." तो म्हणतो, "किताब चाहिए." वस्ताद म्हणतात, "किताब पायजे तर आधी कुस्ती मारायला लागती." असं करत त्या बिचाऱ्याला लंगोट लावून लाल मातीत उतरवतात. शेवटी सकाळी माती आणि संध्याकाळी दसरा चौकातलं बोर्डिंग अशी त्याची घडी बसते आणि तो घरी पत्र लिहितो, "अब्बाजान, तालीम शुरू हो गई है. दोनों."

'दोनों' म्हणताना भाचीनं एवढा वेळ घेतला की मला घाम फुटला, विसरली की काय. विसरली नव्हती.

बाहेर शीरखुर्मा होता. घरी येताना रस्त्यावरच्या पाट्या वाचत आले. तालीम मंडळ, दुकान, दवाखाना, बाजार, कारखाना. तीस वर्षं याच रस्त्यानं जाते.

असे आणखी शब्द कुणाला आठवतात का, जे तिकडे एक आणि आपल्याकडे भलतंच सांगतात? आणि कोल्हापुरात कुणी मोठेपणी उर्दू शिकलंय का? मला शिकायचंय. हसू नका.

---

लाल_माती | रविवार, रात्री ११.१०

ताई, नाद खुळा लिवलंय. मी सात वर्षं तालमीत राहिलोय, पण तालीम म्हणजे शिक्षण हे आज कळलं. मोजायला बसलो तर कुस्ती, पैलवान, वस्ताद, तालीम, मैदान, दंगल, जोर, खुराक, किताब. आमचं काय ऱ्हायलं मग, लंगोट आणि माती?

---

नुक्तेबाज | रविवार, रात्री ११.३२

लाल_माती, जवळजवळ तेवढंच. कुश्ती, पहलवान, मैदान, ज़ोर, ख़ुराक हे फारसी. तालीम, किताब हे अरबी, फारसीच्या मार्गानं आलेले. किताबची गंमत अशी की तिकडे दोन शब्द आहेत. किताब म्हणजे पुस्तक आणि ख़िताब म्हणजे पदवी. मराठीनं ख़ चा क केला आणि दोन्ही एकाच खुंटीला टांगले. त्या मुलींचा विनोद त्यावरच उभा आहे, त्यांना हे माहीत असणार.

पंचगंगाकाठ, उच्चारांबद्दल काहीच लिहिलं नाहीत? विद्यार्थ्यांच्या उर्दू कार्यक्रमात माझा जीव तिथंच जातो. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) नसतो याचं दुःख कमी. नको तिथं लावतात याचं जास्त. मजबूरचं मज़बूर, जिगरचं ज़िगर, हिज्रचं हिज़्र, फिरचं फ़िर. वास्तविक मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण आपल्याला लहानपणापासून दोन ज माहीत असतात. 'जीवन'मधला वेगळा, 'जावई'मधला वेगळा. पण आपल्याला वाटतं की जितके नुक्ते जास्त तितकी उर्दू अस्सल.

---

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ११.५०

होतं हो, सगळं होतं. 'मज़बूर' चार वेळा मोजलं. आता कळलं ते चुकीचं होतं, तिथं बसून मला ते भारी वाटलं होतं.

---

मोडीवाचक | सोमवार, सकाळी ७.२०

शब्दांपुरतं बोलताय, मी तारखांचं सांगतो. मोडी शिकायला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात अडलो. अक्षर लागलं, पण सालाच्या जागी 'खमस सबैन व अलफ' असलं काहीतरी. हा शुहूर सन. आकडे अरबी शब्दांत लिहायचे, एकं आधी, मग दहं, मग हजार. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. झाले १०७५. त्यात ५९९ मिळवा, १६७४ येतं. म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाचं साल. मृगाच्या सुमाराला सुरू होतं म्हणून याला मृगसालही म्हणत.

त्याच दरबारात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोशही तयार झाला. पेशव्याचं पंतप्रधान, मुजुमदाराचं अमात्य, सुरनिसाचं सचिव. तरी गावोगावच्या कागदांत मजकूर, हुजूर, तपशील, सदरहू हे पुढंही वाहतच राहिले. आजही तलाठ्याकडे गेलात तर खातेदार, दाखला.

राजीनामा विसरू नका. आपल्याकडे नोकरी सोडताना देतात, उर्दूत दोन पक्षांची तडजोड झाली की लिहितात. नोकरी सोडताना तिकडे इस्तीफ़ा.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, सकाळी ९.०५

कौतुक सगळं ठीक. पण एक विचारू का? मराठी शाळांचे वर्ग ओस पडतायत, पोरांना ज्ञानेश्वरीची एक ओवी येत नाही, आणि आपण उर्दूच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवतोय. त्याच पोरांनी मराठी भाषा दिनाला असं काही बसवलं असतं तर हॉल भरला असता का? आणि जे शब्द आले ते राजाच्या भाषेतून आले, प्रेमानं नाही आले. ते विसरायचं का?

---

पंचगंगाकाठ | सोमवार, सकाळी ९.४०

हॉल भरला असता का, याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते तुमच्यासारखंच आहे. पण मराठीला बसायला जागा नाही म्हणून उर्दूला उठवा, हा कुठला न्याय? त्या दोघींनी टांगेवाला असा उभा केला की अर्धी गोष्ट रांगड्या कोल्हापुरी मराठीत होती. एवढी चांगली मराठी मी यंदाच्या गॅदरिंगला ऐकली नाही.

राजाच्या भाषेचं म्हणाल तर तो मुद्दा खरा आहे. फक्त फारसी राजाची होती. उर्दू बाजारात, छावणीत, दर्ग्यात वाढली.

---

गोदाकाठची | सोमवार, दुपारी १.१५

पंचगंगाकाठ, शेवटचं वाक्य आमच्या मराठवाड्यात घेऊन या, तिथं ते चालणार नाही. आमच्याकडे उर्दू खरोखर राजाची भाषा होती. निजामाच्या राज्यात कचेरी, कोर्ट, पोलीस, वरच्या वर्गांतली शाळा सगळं उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं, डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवत. ही गोष्ट एका बाजूनं अभिमानाचीच. देशी भाषेतून शरीरशास्त्र शिकवून दाखवलं त्यांनी. पण परभणी-नांदेडच्या मराठी पोराला ती देशी भाषा त्याची नव्हती.

माझे आजोबा उर्दूतून शिकले. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य संपलं, पण आजोबांचा हिशेब शेवटपर्यंत उर्दूत. किराणा मालाची यादी उजवीकडून डावीकडे. आजीला ती वाचता येत नसे, आणि मला वाटतं म्हणूनच ते तशी लिहीत. निजामाबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढायचा, रझाकारांचं नाव काढलं की उठून जायचे. आणि रात्री अंगणात खाटेवर पडून शेर म्हणायचे. मी लहानपणी विचारलं होतं, तुम्हाला ते लोक आवडत नाहीत मग त्यांची गाणी कशी आवडतात? म्हणाले, "गाणी त्यांची नाहीत."

स्पष्टवक्ता, तुमचा राग मला ओळखीचा आहे. आमच्या घरात तो आणि ते शेर एकाच खाटेवर झोपायचे.

---

दूधकट्टा | सोमवार, दुपारी १.४०

गोदाकाठची, यावर वेगळा धागा काढा. +१

---

कागलची_लेक | सोमवार, दुपारी ३.२५

मी मुसलमान, घरी दखनी (दख्खनची उर्दू), शाळा मराठी. म्हणजे उर्दूच्या कार्यक्रमात दोन्ही बाजूंनी परकी. दखनी बोलले की लखनौछाप लोक हसतात, आणि मराठी मैत्रिणी म्हणतात, "तुमचं हिंदी असं कसं गं?"

आमची दादी म्हणायची, "नक्को रे बाबा." आता हा 'नक्को' कुठला? सरळ तुमचा-आमचा 'नको'. 'मैंच गई थी', 'उसकोच देना' यातला 'च' कुठला? मराठीचाच. हैदराबादेतही असंच बोलतात आणि देशभर लोक त्यावर विनोद करतात, पण त्यात मराठी बसलीय हे कुणी सांगत नाही. देवघेव दोन्हीकडून झाली हो. शब्द त्यांच्याकडून आले असतील, आम्ही त्यांना 'च' दिला. 'च' दिल्यावर आणखी काय उरतं?

मला धागाकर्तीच्या लेखात एकच खटकलं. 'पोरांनी मला गप्प केलं' लिहिलंत, पण त्या पोरांत उर्दू घरची किती होती? कारण हल्ली उर्दूचा कार्यक्रम म्हणजे शेरवानी घालून गझल म्हणणं. आमच्या मोहल्ल्यातली उर्दू माध्यमाची पोरं भूगोल, गणित त्यात शिकतात. त्यांच्यासाठी ती नज़ाकत वगैरे नाही, गृहपाठ आहे.

---

बॅकस्टेज | सोमवार, संध्याकाळी ६.५०

नमस्कार. मी त्या कार्यक्रमात होते (स्टेजवर नाही, माइकवर. हंबरणारा रेडा माझा). लिंक ग्रुपवर आली म्हणून खातं उघडलं.

कागलची_लेक यांना उत्तर: आम्ही एकवीस जण. उर्दू लिहिता-वाचता येणारे चार. त्यातले तिघं उर्दू माध्यमातून आलेले. पहिला महिना हे तिघं मागेच बसायचे, कारण आम्ही बाकीचे 'तहज़ीब', 'नफ़ासत' असले शब्द उधळत होतो आणि त्यांना लाजल्यासारखं व्हायचं. मग बैतबाज़ीची तयारी सुरू झाली. आम्हाला प्रत्येकी दहा शेर पाठ, त्यांना दीडशे-दोनशे. शाळेत स्पर्धा असायच्या म्हणे. तो चष्मेवाला त्यातलाच. 'ड़'चा डाव त्यानं आम्हालाही आधी सांगितला नव्हता.

आम्ही लिपी शिकायचा प्रयत्न केला. ज़ साठी चार अक्षरं आहेत, स साठी तीन. आमच्यातल्या एकानं विचारलं, का? तर उर्दू माध्यमवाली म्हणाली, "तुमच्यात श आणि ष दोन का?" विषय संपला. आता दुकानाची पाटी वाचण्याइतकं येतं.

दास्तान आधी उत्तरेकडचीच घेणार होतो, जादूगार आणि अय्यार (वेषांतर करणारे हेर) असलेली. पाठ होईना. मग एक दिवस तालमीवरून येताना हा विनोद झाला, खराच. आमचा एक मित्र रोज म्हणतो 'तालमीला चाललो', आणि उर्दू माध्यमवालीला महिनाभर वाटत होतं हा क्लासला जातो.

---

नुक्तेबाज | सोमवार, संध्याकाळी ७.३०

बॅकस्टेज, मनापासून दाद. जादूगारांची दास्तान सोडलीत ते बरंच केलंत. दास्तानगोईचा जुना धागा १९२८ मध्ये दिल्लीचे मीर बाक़र अली गेले तेव्हा तुटला. २००५ पासून तो पुन्हा जोडला गेला. जोडणाऱ्यांनीही पुढे नव्या गोष्टी घेतल्याच. तुमचा टांगेवाला परंपरेतच बसतो.

'मज़बूर'चं मात्र बघा.

---

ओळ_शोधणारा | सोमवार, रात्री ९.१०

एवढे प्रतिसाद झाले आणि कोल्हापूर, उर्दू-फारसी म्हटल्यावर माधव ज्यूलियन कुणालाच आठवले नाहीत? माधवराव पटवर्धन, राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक. मराठीत गझल रुजवली ती यांनी. १९२५ चा फारसी-मराठी कोश यांचा, १९३३ ची 'गज्जलांजलि' यांची. उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून मराठीत आणल्या. याच गावातल्या रस्त्यांवरून हिंडत असणार ते, डोक्यात अरबी-फारसी वृत्तं मोजत.

आणि स्पष्टवक्ता यांच्यासाठी खास: हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. ज्यानं फारसी शब्दांचा कोश केला, त्यानंच ते शब्द मराठीतून काढा म्हणून लिहिलं. मी विद्यार्थी असताना याला विसंगती म्हणायचो. आता वाटतं, एखाद्या घरातली प्रत्येक वस्तू कुठून आली हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ती बाहेर काढायची खुमखुमी येते. आपल्यासारख्यांना आपण कशावर बसलोय तेच माहीत नाही. खुर्चीवर बसलोय, बरं का.

नंतर सुरेश भटांनी गझल गावोगाव पोचवली. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, दुधगावात इलाही जमादार होते. २०२१ मध्ये गेले. मराठीत लिहायचे, आणि मुशायऱ्यात उर्दूवाल्यांइतकीच दाद घ्यायचे.

---

स्पष्टवक्ता | सोमवार, रात्री ९.४५

माधव ज्यूलियनांचं माहीत नव्हतं. कोश बघतो.

मत बदललेलं नाही. सरकारी फलक मराठीतच हवेत.

---

मोडीवाचक | सोमवार, रात्री १०.००

फलकाचं निघालंच आहे तर: अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होतं, त्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं ते नाव ठेवायला हरकत नाही असा निकाल दिला. मराठी वर आहेच, खाली दुसऱ्या भाषेला बंदी नाही. भाषा धर्माची नसते, लोकांची असते आणि उर्दू याच भूमीत जन्मली, असं निकालपत्रात स्पष्ट म्हटलंय. गंमत म्हणजे 'फलक' संस्कृत, पण त्यावरून चाललेला 'दावा', 'अर्ज', 'वकील' सगळे तिकडचे.

---

कागलची_लेक | सोमवार, रात्री १०.२०

बॅकस्टेज, तुझं उत्तर वाचून बरं वाटलं. पुढच्या वेळी दखनी ठेवा एखादी. विजापूरच्या इब्राहिम आदिलशहानं (दुसरा) किताब-ए-नौरस लिहिली, तिची सुरुवातच सरस्वतीच्या स्तुतीनं आहे. ती भाषा ऐकली तर आमची दादी आठवते. आणि शीरखुर्मा कुणी केला होता? शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. खजूर नसेल तर तो शीरखुर्मा नव्हे, शेवयांची खीर.

---

बॅकस्टेज | सोमवार, रात्री १०.२८

खारीक होती, भिजवून वाटलेली. चष्मेवाल्याच्या आईनं केला. दूध गंगावेशीतून, म्हशीचं, त्यामुळे इतका दाट झाला की चमचा उभा राहत होता. नियमात बसतं का?

---

कागलची_लेक | सोमवार, रात्री १०.३०

खारीक चालते. म्हशीचं दूध तर धावतं.

---

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०.५५

सगळ्यांचे आभार. कागलची_लेक, तुमचा टोला बरोबर बसला. चष्मेवाल्याचं घर, शाळा मी विचारलंच नाही, नुसत्या टाळ्या वाजवल्या. भाचीकडून कळलं की चष्मेवाल्याची बहीण रविवारी लिपी शिकवायला तयार आहे, फी म्हणून तिला मोडी शिकायचीय. मोडीवाचक, बघता का जमतंय?

तोवर इथेच भेंड्या खेळूया. नियम: शब्द मराठीत वापरातला पाहिजे आणि मूळ तिकडचं. सुरुवात माझी. तालीम. म आला.

---

मोडीवाचक | सोमवार, रात्री ११.०२

जमवतो. रविवारी सकाळी दहा.
मजकूर. र.

---

गोदाकाठची | सोमवार, रात्री ११.०५

रुमाल. ल.

---

लाल_माती | सोमवार, रात्री ११.०६

लंगोट!!

---

दूधकट्टा | सोमवार, रात्री ११.०८

बाद. तो आपला आहे.

---

लाल_माती | सोमवार, रात्री ११.१०

आपला हाय म्हणूनच टाकला. आता ट वरनं काढा फारसी शब्द. मी शोधून आलोय, त्यांच्यात ट अक्षरच न्हाई. चष्मेवाल्याचा डाव.

---

नुक्तेबाज | सोमवार, रात्री ११.१४

फारसीत नाही. उर्दूत आहे.
टोपी.